स्वायत्त बोटीचं बंदरातलं जाहीर प्रात्यक्षिक: प्रकल्प नोंदी

12 फेब्रुवारी

बंदर अधिकाऱ्यांबरोबर पहिली बैठक झाली. प्रात्यक्षिकाला तत्त्वतः होकार आहे, अटी लेखी येतील. बोट आपली नेहमीचीच: नऊ मीटर लांब, दोन विद्युत मोटरी, पाण्याची खोली मोजण्यासाठी बांधलेली. ती धक्क्यावरून स्वतः सुटेल, बंदराच्या आतल्या पाण्यात फेरी मारेल, आडव्या येणाऱ्या बोटीला नियमाप्रमाणे वाट देईल आणि परत येऊन धक्क्याला लागेल. बोटीवर परवानाधारक सुरक्षा चालक आणि एक अभियंता असतील, किनाऱ्यावर नियंत्रण कक्ष असेल आणि जवळपास सुरक्षा बोट.

खर्च उचलणाऱ्यांचं म्हणणं असं की तेवढा वेळ सगळी वाहतूक थांबवावी. मी तिथेच विरोध नोंदवला. जायरो होकायंत्रावर चालणारे ऑटोपायलट 1920 च्या दशकापासून जहाजांवर आहेत. मोकळ्या पाण्यात सरळ जाणारी बोट बघायला लोकांना धक्क्यावर कशाला बोलवायचं? समोर दुसरी बोट येते आणि आपली बोट काहीतरी ठरवते, बघण्यासारखं तेच आहे.

तडजोड अशी झाली: मुख्य वाहतूक चालू राहील, आपल्या फेरीचा मार्ग बोयांनी (पाण्यावर तरंगणाऱ्या खुणांनी) आखला जाईल आणि आडवी येणारी बोट आपली ठरवलेली असेल. बोयांच्या आत दुसरं कुणी शिरलंच तर काय, यावर बैठकीत फार बोलणं झालं नाही. माझ्या यादीत मात्र ते पहिलं आहे.

16 फेब्रुवारी

याआधी लोकांसमोर काय काय करून दाखवलं गेलं, ते गटासाठी काढून ठेवतो आहे.

सुरुवात 1898 पासून. त्या वर्षी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये निकोला टेस्लाने पाण्याच्या टाकीत रेडिओवर चालणारी छोटी बोट लोकांपुढे चालवली. नोव्हेंबरमध्ये तिचं अमेरिकी पेटंटही मिळालं, क्रमांक 613,809. बघणारे बोटीला प्रश्न विचारायचे आणि बोट दिवे लुकलुकवून उत्तर द्यायची, असं सांगतात. उत्तर अर्थातच टेस्लाच देत होता. लोक थक्क झाले, पण यंत्र कसं चालतं हे कळून कुणी घरी गेलं असेल असं मला वाटत नाही. आपल्याला हे टाळायचं आहे.

2017 मध्ये कोपनहेगनच्या बंदरात 28 मीटर लांबीचा ‘स्वित्झर हेर्मोड’ हा टग (मोठी जहाजं ओढणारी बोट) किनाऱ्यावर बसलेल्या कप्तानाने धक्क्यावरून काढला, पूर्ण गोल वळवला आणि पुन्हा धक्क्याला लावला. डिसेंबर 2018 मध्ये फिनलंडमध्ये ‘फाल्को’ ही 53.8 मीटरची मोटारवाहू फेरीबोट 80 निमंत्रितांना घेऊन पाराइनेन ते नाउव्हो स्वायत्तपणे गेली. परतीला तिला सुमारे 50 किलोमीटरवरच्या तुर्कू शहरातून दूरनियंत्रणाने आणलं. बोट स्वतः ठरवते ते वेगळं आणि दूरवरचा माणूस ठरवतो ते वेगळं. एकाच दिवशी दोन्ही दाखवल्यामुळे हा फरक लोकांच्या पदरात पडला असणार. मला ही कल्पना फार आवडली.

ऑगस्ट 2019 मध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या पोर्टलंड बंदरात तेलगळती गोळा करणारी बोट स्वायत्त चालवून दाखवली. सांडलेल्या तेलाच्या विषारी वाफांपासून माणूस लांब ठेवायचा, हे त्यामागचं कारण कुणालाही सांगावं लागत नाही. 2022 च्या शरदात नॉर्वेतल्या ट्राँडहाइमला तिथल्या विद्यापीठाची ‘मिलीअँपिअर 2’ ही छोटी बोट काही आठवडे सामान्य नागरिकांना कालव्यापलीकडे नेत होती. निमंत्रित पाहुण्यांसाठीच्या एका दुपारपेक्षा या दोन प्रयोगांतून घेण्यासारखं जास्त आहे.

24 फेब्रुवारी

आजचा सगळा दिवस नियम आठमध्ये गेला.

समुद्रावर टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम 1972 चे, 1977 पासून लागू. ते माणसांसाठी लिहिलेले आहेत. नियम पाच म्हणतो की पाळत डोळ्यांनी आणि कानांनी ठेवायची. नियम पंधरा म्हणतो की यांत्रिक बोटी एकमेकींना आडव्या येत असतील, तर जिच्या उजव्या हाताला दुसरी आहे तिने वाट द्यायची. एवढं संगणकाला शिकवणं अवघड नाही. अवघड आहे तो नियम आठ: टक्कर टाळण्यासाठी वळायचं तर असं वळा की दुसऱ्या बोटीवरून बघणाऱ्याला, नजरेने किंवा रडारवर, ते चटकन कळेल. थोडं थोडं वळत राहणं टाळा, असंही तो स्पष्ट सांगतो.

आपला मार्ग आखणारा संगणकीय कार्यक्रम नेमकं उलट करतो. त्याला कमीत कमी ऊर्जेत आणि कमीत कमी वळणात काम उरकायचं असतं. तो लांबूनच पाच-सहा अंश वळतो, थांबतो, पुन्हा मोजतो, पुन्हा तीन अंश. गणिताने अंतर पुरेसं राहतं. पण समोरच्या बोटीवरच्या माणसाला आपली बोट सरळच येताना दिसते, आणि शेवटच्या क्षणी तो स्वतः काहीतरी करतो. टक्कर अशाच वेळी होते.

म्हणून कार्यक्रम ज्या हिशेबाने मार्ग निवडतो त्यात, म्हणजे खर्चाच्या समीकरणात, बदल केला. वाट द्यायची असेल तेव्हा किमान 30 अंशांचं एकच वळण घ्यायचं, ते लवकर घ्यायचं आणि दुसरी बोट स्पष्टपणे मागे पडेपर्यंत मोडायचं नाही. वळायला जागा नसेल तर वेग थेट निम्म्यावर आणायचा, हळूहळू नाही. फेरी थोडी लांबेल. सिम्युलेशनमध्ये जुना आणि नवा मार्ग शेजारी ठेवून बघितले. जुना देखणा आहे, पण समोरच्याला कळेल असा नवाच.

2 मार्च

संवेदकांच्या चाचण्या. उघड्या समुद्रापेक्षा बंदर अवघड आहे, हे पुन्हा दिसलं.

रडारला धक्क्याची लोखंडी भिंत आणि क्रेन यांचे परावर्तित ठसे दिसतात, म्हणजे जिथे काही नाही तिथे बोट. उलट लाकडी किंवा फायबरची छोटी होडी खरोखर समोर असताना तिचा ठसा फिका येतो. लायडारचा, म्हणजे लेझरने अंतर मोजणाऱ्या यंत्राचा, किरण पाण्यावरून फारसा परत येत नाही. ते सोयीचंच, कारण पाणी अडथळा वाटत नाही. पण दुसऱ्या बोटीच्या मागचा फेस त्याला भिंतीसारखा दिसतो. कॅमेऱ्याला सकाळी पूर्वेकडे चकाकीशिवाय काही दिसत नाही.

एआयएसवर, म्हणजे बोटी स्वतःची जागा आणि दिशा रेडिओवरून कळवतात त्या यंत्रणेवर, नवखे लोक फार भरवसा ठेवतात. छोट्या बोटींवर बसवतात त्या ब वर्गाच्या साध्या संचाचा संदेश साधारण 30 सेकंदांनी एकदा येतो. सहा नॉटने (ताशी सुमारे 11 किलोमीटर) जाणारी बोट तेवढ्यात 90 मीटरहून अधिक पुढे गेलेली असते. आणि कायाक, वल्ह्यांच्या होड्या यांच्यावर तर संच नसतोच. म्हणून एआयएस आमच्याकडे फक्त साक्षीदार आहे, निकाल देण्याचा अधिकार त्याला नाही. दोन वेगवेगळ्या संवेदकांनी दुजोरा दिला की वस्तू पक्की. एकानेच दाखवली तर वेग कमी करून खात्री करायची, दुर्लक्ष करायचं नाही.

9 मार्च

बंदरातल्या बोटवाल्यांची बैठक. फेरीबोटींचे चालक, मच्छीमार, टगवाले, शिडाच्या बोटींच्या क्लबची माणसं, सगळे आले होते. या प्रकल्पातली सर्वांत कामाची बैठक म्हणून मी हिची नोंद करतो आहे.

आम्ही नकाशे आणि आकृत्या नेल्या होत्या. फेरीबोटीवर आयुष्य काढलेले एक चालक शांतपणे ऐकत होते. मग म्हणाले, “नियम तुमच्या बोटीला पाठ असतील, त्यात शंका नाही. पण आम्ही इथे नियमाआधी नजर बघतो. समोरचा माझ्याकडे बघतोय का, त्याने मान हलवली का, हात केला का. तुमच्या बोटीवर मी बघू कुणाकडे?”

दुसऱ्याने त्याला जोड दिली: “आणि आत बसलेला माणूस दिसलाच, तर तो चालवतोय असं समजून मी त्याला हात करणार. तो तर चालवत नसणार!”

हा प्रश्न अगदी मुळाला हात घालणारा आहे. आम्ही सुरक्षा चालकाला काचेमागे बसवून लोकांना धीर द्यायला बघत होतो, आणि त्यामुळेच समोरच्या बोटीची दिशाभूल होऊ शकते. तिथल्या तिथे दोन गोष्टी ठरल्या. बोट स्वायत्त चालत असताना सुरक्षा चालकाने कुणाच्याही हाताला हाताने उत्तर द्यायचं नाही. बोलायचं असेल तर बंदराच्या कामकाजाच्या व्हीएचएफ रेडिओ वाहिनीवर, आणि तेही किनाऱ्यावरच्या कक्षाने. आणि बोटीने स्वतःचा हेतू असा सांगायचा की त्यासाठी कुणाला नवं काही शिकावं लागणार नाही.

एकाने वेगळ्या रंगाचा दिवा सुचवला. मला पटलं नाही. टक्कर टाळण्याच्या नियमांत स्वायत्त बोटीसाठी खास दिवा नाही, आणि बंदरात आधीच दिव्यांची गर्दी असते. दिवा सांगेल तो फक्त “मी वेगळी आहे” एवढंच. समोरच्याला हवं असतं “मी आता काय करणार आहे” ते.

13 मार्च

उत्तर नियम 34 मध्ये होतं. एकमेकींना दिसणाऱ्या यांत्रिक बोटींनी वळताना भोंगा द्यायचा: एक छोटा म्हणजे मी उजवीकडे वळते आहे, दोन म्हणजे डावीकडे, तीन म्हणजे इंजिन उलटं फिरतं आहे. पाच किंवा अधिक भराभर दिले तर अर्थ असा की तुझा हेतू मला कळत नाही. छोटा भोंगा सुमारे एका सेकंदाचा. छोट्या बोटींच्या गर्दीत हे संकेत आता फारसे कुणी देत नाही, पण सगळ्यांना माहीत आहेत.

आपली बोट 12 मीटरपेक्षा लहान असल्यामुळे तिच्यावर नियमातली शिट्टी बंधनकारक नाही, ऐकू जाईल असं साधन असलं तरी चालतं. तरीही चांगला भोंगा बसवला आणि तो वळणाच्या निर्णयालाच जोडला. निर्णय झाला की आधी भोंगा, लगेच वळण. धक्क्यावर उभ्या असलेल्या माणसालाही हेच तीन संकेत शिकवता येतील, म्हणजे बोट काय करणार हे त्याला स्वतःला ओळखता येईल. प्रात्यक्षिकाची संहिता याच्याभोवती नव्याने लिहायला घेतली आहे.

कानांचं काम अपुरं आहे. दोन मायक्रोफोन बसवले, पण वारा वाढला की दुसऱ्या बोटीचा भोंगा त्यात बुडतो. हे सुटेपर्यंत ऐकण्याची जबाबदारी बोटीवरच्या माणसाची, असं जोखीम नोंदीत स्पष्ट लिहिलं.

21 मार्च

बिघाड झाला तर बोटीने काय करायचं, यावर दिवसभर वाद झाला. चांगला वाद.

रस्त्यावरचं वाहन कडेला उभं केलं की ते उभं राहतं. बोट मोटर बंद केली तरी थांबत नाही. ओहोटीचा ओढ अर्ध्या नॉटचा असला तरी मिनिटाला सुमारे 15 मीटर वाहत जाते, वाऱ्याचं वेगळंच. म्हणून “बिघाड म्हणजे थांबा” हा आदेश बंदरात धोक्याचा आहे. पायऱ्या अशा ठरवल्या: वेग कमी करून जागा धरून ठेवायची. जागा धरता येत नसेल तर बोयांच्या आतल्या मोकळ्या भागाकडे सरकायचं. तेही जमत नसेल तर नांगर टाकायचा. लाल बटण दाबलं की संगणकाचा मोटरींशी असलेला संबंध तारेनेच तुटतो आणि हाताने बोट चालवायचा दांडा जिवंत होतो. या तारेच्या वाटेत कुठलाही संगणकीय कार्यक्रम येत नाही.

प्रात्यक्षिकात एक बिघाड मुद्दाम घडवून दाखवावा, असं मी मांडलं आहे. नियंत्रण कक्षाशी असलेला दुवा लोकांसमोर तोडायचा आणि बोट काय करते ते बघू द्यायचं. खर्च उचलणाऱ्यांना हे पचायला जड गेलं: अपयश का दाखवायचं? माझं म्हणणं, कुठल्याही सामान्य माणसाच्या मनात पहिला प्रश्न हाच येतो की हिचा संपर्क तुटला तर काय. त्याचं उत्तर तोंडी देण्यापेक्षा पाण्यावर द्यावं.

28 मार्च

वाऱ्यामुळे पाण्यावरचं काम बंद. घडवायचा बिघाड मंजूर झाला.

3 एप्रिल

दुवा. नियंत्रण कक्षाकडून ठरावीक अंतराने “मी आहे” असा संदेश बोटीला जातो. दोन सेकंद तो आला नाही की बोट दुवा तुटला असं धरते. चार नॉटला दोन सेकंद म्हणजे सुमारे चार मीटर, हे अंतर आम्हाला परवडतं.

पण रोजच्या चाचण्यांत कधीही न दिसणारी एक अडचण जाहीर कार्यक्रमातच येते. धक्क्यावर जमलेले लोक एकाच वेळी फोनवरून चित्रण पाठवू लागले की त्या भागातलं मोबाइल जाळं गुदमरतं, आणि आपलं चित्र त्याच जाळ्यावरून जात असतं. म्हणून आदेश आणि “मी आहे” हे संदेश स्वतंत्र रेडिओवर हलवले. मोबाइल जाळ्यावर फक्त कॅमेऱ्याचं चित्र राहिलं. ते अडखळलं तर अडखळू दे, बोटीचा एकही निर्णय त्यावर अवलंबून नाही.

8 एप्रिल

रंगीत तालीम. फेरीबोटीच्या मागचा फेस लायडारने अडथळा ठरवला, कॅमेऱ्याने दुजोरा दिला नाही, बोट मंदावली आणि खात्री झाल्यावर पुढे गेली. एका पाहुण्याने विचारलं, ही उगाच का दचकली? लोकांसाठी लावायच्या पडद्यावर काय असावं हे त्यामुळे पक्कं झालं. लायडारच्या बिंदूंचे रंगीत ढग दिसायला छान असले तरी त्यातून काही कळत नाही. पडद्यावर तीनच गोष्टी राहतील: बोटीला काय दिसलं, त्याबद्दल तिची खात्री किती, आणि पुढच्या 30 सेकंदांत ती काय करणार. शेवटची सर्वांत मोठ्या अक्षरांत.

11 एप्रिल

निवेदनाचा मसुदा वाचला. त्यात बोटीला “संपूर्ण स्वायत्त” म्हटलं होतं. ते काढायला लावलं. आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने अशा जहाजांच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत. पहिलीत काही कामं यंत्र करतं, पण ताबा घ्यायला माणसं जहाजावर असतात. चौथीत जहाज सगळं स्वतः ठरवतं. बोटीवर चालक असेपर्यंत आपण पहिल्या पायरीवर आहोत आणि लोकांना हेच सांगायचं. याच संघटनेच्या 2019 च्या चाचणीविषयक मार्गदर्शनातही जोखीम आधी ओळखा, पात्र माणसं ठेवा आणि ज्यांच्यावर परिणाम होईल त्यांना कळवा, असं म्हटलं आहे. बंदराची सूचना आज सर्व बोटवाल्यांना गेली.

18 एप्रिल, प्रात्यक्षिक

09:10. वारा हलका, दृश्यमानता चांगली. लाल बटण तपासलं, दांडा तपासला, नांगर मोकळा.

10:05. निवेदकाने भोंग्याचे तीन संकेत गर्दीला शिकवले. मुलांनी ते लगेच उचलले.

10:20. बोट धक्क्यावरून सुटली. आडवी बोट ठरल्याप्रमाणे उजवीकडून आली. एक भोंगा, मग ठळक वळण. वळण पूर्ण होण्याआधीच गर्दीतून “उजवीकडे!” असा गलका उठला. एवढ्यासाठीच हे सगळं केलं होतं.

10:31. दुवा मुद्दाम तोडला. बोट मंदावली आणि जागा धरून राहिली. धक्क्यावर शांतता. निवेदकाने घाई केली नाही, हे फार बरं झालं. दुवा जोडल्यावर बोट आपोआप निघाली नाही. कक्षाने परवानगी दिल्यावरच निघाली.

10:38. ठरवलेलं नसताना शिडाच्या दोन लहान होड्या बोयांच्या आत आल्या. आपल्या बोटीने पहिल्या होडीसाठी वळण घेतलं. दुसरीने मध्येच दिशा बदलली, तेव्हा आपल्या बोटीने वेग निम्म्यावर आणला आणि पाच भोंगे दिले. त्याच वेळी सुरक्षा चालकाने ताबा घेतला. त्याला तसा पूर्ण अधिकार आहे, कारण विचारायचं नसतं. निवेदकाने लगेच जाहीर केलं: आता बोट माणूस चालवतो आहे. पडद्यावरही तसंच आलं.

10:52. पुन्हा स्वायत्त. धक्क्याला लागली.

20 एप्रिल

नोंदी तपासल्या. ताबा घेतला त्या क्षणी बोटीने मोटरी उलट्या फिरवण्याचा निर्णय केलेला होता, तीन भोंगे रांगेत होते. म्हणजे ती बहुधा सुटली असती. तरीही चालकाचा निर्णय बरोबरच होता. “बहुधा” या भरवशावर लोकांच्या होड्यांशी खेळायचं नसतं. काही पाहुण्यांना वाटलं की तेवढ्याने कार्यक्रमाला गालबोट लागलं. मला तो भाग सर्वांत महत्त्वाचा वाटतो. माणूस यंत्राकडून ताबा कसा घेतो आणि पुन्हा कसा सोपवतो, हे लोकांनी खऱ्या प्रसंगात पाहिलं, आणि आम्ही ते लपवलं नाही.

बोटवाल्यांशी पुन्हा बोललो. फेरीबोटीचे ते चालक म्हणाले, “भोंगा कळला, वळणही कळलं. पण मंदावली तेव्हा कळलं नाही, थांबतेय की मला जा म्हणतेय.” यावर आमच्याकडे अजून उत्तर नाही. वेग कमी करण्यासाठी नियमांत स्वतंत्र भोंगा नाही, इंजिन उलटं फिरवलं तरच तीन देता येतात. एक उपाय असा की नुसतं मंदावणं टाळून शक्य तिथे वळणच घ्यायचं आणि मंदावावं लागलंच तर इंजिन खरोखर उलटं फिरवून तीन भोंगे द्यायचे. सिम्युलेशनमध्ये आजपासून हेच.

26 एप्रिल

पुढच्या टप्प्याचा अर्ज दिला. यात धुकं आहे. धुक्यात एकमेकींना न दिसणाऱ्या बोटींना नियम 19 लागतो, म्हणजे कुणालाच आधी जाण्याचा हक्क नाही. आपण चालत असू तर दोन मिनिटांच्या आत एक लांब भोंगा, चार ते सहा सेकंदांचा. ऐकणं तिथे माणसावर सोडून भागणार नाही. मायक्रोफोनसाठी वाऱ्याची आवरणं मागवली आहेत. टगवाल्यांनी त्यांच्या फेऱ्यांच्या वेळी भोंगे देऊन मदत करायचं कबूल केलं आहे. पहिली ध्वनिमुद्रणं पुढच्या आठवड्यात.